हरल्याशिवाय नाव नाही

आमच्या संघाला नाव नव्हतं आणि मी वाढत होतो. त्या वर्षी माझ्या जिवाला घोर होता तो एवढाच, पण त्यानं मला एका जागी धड बसू दिलं नाही. जेवताना पाय हलायचे, शाळेत बाकाखाली पाय हलायचे, झोपेतही मी लाथा झाडतो म्हणून धाकटा भाऊ आईकडे रडत जायचा. आई त्याला समजवायची, "वाढीचं अंग हाय त्याचं." हे ऐकलं की मी पाय पोटाशी ओढून घ्यायचो. इतर पोरांच्या आया पोरं वाढावीत म्हणून देवाला नारळ बोलतात. मी वाढू नये म्हणून देवळात जायचो आणि कुणाला सांगायचो नाही.

कारण आमच्याकडे हॉकीतलं लहान पोर कोणतं आणि मोठं कोणतं, हे वयावरून ठरत नसे. वय ठाऊक होतं कुणाला? माझ्या जन्माची खूण म्हणून आई एका म्हशीचं वेत सांगायची, आणि ती म्हैस केव्हाच मरून गेली होती. म्हणून नदीपलीकडे, खडकीच्या अंगाला, संक्रांतीनंतर जे सामने भरत, तिथे दोन खांबांवर बांबूची एक काठी आडवी ठेवलेली असे. नुसती ठेवलेली, बांधलेली नाही. प्रत्येक पोरानं ताठ मानेनं तिच्याखालून चालत जायचं. काठी जागेवर राहिली तर पोर लहान, खेळायला मोकळं. काठी पडली तर ते मोठं, आणि मोठ्यांनी दोरीबाहेर उभं राहून टाळ्या वाजवायच्या. ज्युनिअर वगैरे शब्द आम्हाला फार नंतर कळले. आम्ही 'काठीखालची पोरं' म्हणायचो. काठीवर गेलेल्या पोराला पुढे खेळ असा नव्हताच. मोठ्यांचे संघ होते ते पलटणींचे, तिथे आम्हाला कोण घेतो? काठी पडली की पोरगं बापाच्या मागे कामाला लागायचं, आणि त्याची स्टिक घरात कोंबड्या हाकायला जायची.

नावाचा रिवाज तर त्याहून विचित्र. आपल्या संघाचं नाव आपण ठेवायचं नाही. जो संघ तुम्हाला पहिल्यांदा हरवेल, तो तुमचं बारसं करणार. हे कुठून आलं ते कुणाला सांगता यायचं नाही. कुणी म्हणे शिपायांकडून आलं, कुणी म्हणे कुस्तीच्या फडातून. सामना संपला की जिंकलेला कप्तान हरलेल्यांच्या गोलात जाऊन उभा राहायचा आणि नाव सांगायचा. हरलेल्या कप्तानानं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणायचं. झालं बारसं. पुढे तुम्ही जग जिंका, नाव बदलायचं नाही.

आता जिंकलेला माणूस हरलेल्याला गोड नाव कशाला ठेवेल? कासारवाडीची पोरं आपल्या पहिल्या सामन्याला निघाली ती रेल्वेच्या बंद फाटकाशी अडकली. मालगाडी जाईपर्यंत ताटकळून, मग धापा टाकत पोचली आणि हरली. त्यांचं नाव पडलं 'फाटक'. भोसरीची पोरं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी खेळायला आली तेव्हा बैलांची शिंगं हिंगुळानं रंगवून त्यांचे हात कोपरापर्यंत लाल होते. ती झाली 'हिंगूळ'. आमच्या शेजारी निर्वासितांचा कॅम्प होता, तिथली सिंधी पोरं मध्यंतरात खिशातून पापड काढून कुडुमकुडुम खात बसायची. त्यांना भोसरीवाल्यांनी 'पापड' करून टाकलं. आधी ती म्हणे खूप चिडली. पण पुढच्या सामन्याला आली ती "आले पापड! आले पापड!" असं आपणच ओरडत. त्यानंतर त्यांना चिडवण्यात कुणालाच गंमत वाटेना.

आमच्या संघात पिंपरी गावातली शेतकऱ्यांची पोरं होती, कारखान्याच्या नव्या वसाहतीतले दोघं-तिघं होते, आणि गोलात मेस्त्रींचा मुलगा. हे मुसलमान मेस्त्री मुंबई रस्त्यावर एका पत्र्याखाली सायकलीपासून लॉरीपर्यंत काहीही दुरुस्त करायचे. त्यांच्याकडच्या जुन्या टायरचे तुकडे कापून, आतून गोणपाट लावून, मुलानं स्वतःचे पॅड बनवले होते. ते बांधले की तो चालायचा बदकासारखा, पण त्याच्या पायांतून चेंडू गेलेला मी क्वचित पाहिला. बाकीच्यांच्या स्टिका बाभळीच्या वाकड्या फांद्यांच्या. माझी तेवढी खरी होती, पलटणीतून फेकलेली, मधोमध तडकलेली, सायकलच्या ट्यूबनं आवळून बांधलेली. चेंडूही माझाच होता. त्यामुळे कप्तान कोण, हा प्रश्न आमच्यात कधी निघाला नाही.

आम्हाला नाव नव्हतं कारण आम्ही कधी हरलो नव्हतो. हे ऐकायला छान वाटतं. खरी गोष्ट अशी की आमचं मैदान म्हणजे कारखान्याच्या कुंपणाबाहेरचा माळ, आणि संध्याकाळी कारखान्याचा भोंगा झाला की पोरांना घर गाठावं लागे, कारण बाप शिफ्ट संपवून यायचे. अर्धवट सुटलेला सामना हार धरत नसत. ही फट आमच्या फार लवकर ध्यानात आली. एक गोल खाल्ला की आम्ही वेळ काढायला लागायचो. चेंडू बाभळीत मारायचा, कुणीतरी गुडघा धरून लोळायचं, आणि भोंगा वाजला की "बाप आला, बाप आला" करत चौखूर पांगायचं. माझा बाप तर त्या वेळी बऱ्याचदा गावात पारावर बसलेला असायचा. जमीन कारखान्यात गेली होती, कामावर त्याला नुकतंच घेतलं होतं, आणि शिफ्ट म्हणजे काय ते त्याला अजून नीटसं पटलेलं नव्हतं.

सामने भरवणारे हवालदार दापोडीला राहायचे. पेन्शनीत आले होते, पण पायातली कवायत गेली नव्हती. दसऱ्याला आम्ही आपट्याची पानं घेऊन त्यांच्या अंगणात गेलो. म्हणजे गेलो होतो यंदाच्या सामन्यांत आम्हाला घ्या असं सांगायला. पानं आपली तोंडदेखली.

"संघाचं नाव?" त्यांनी विचारलं.

"पिंपरी," मी म्हणालो.

"ते गावाचं झालं. संघाचं सांग."

"आमी अजून हरलोच न्हाई, साहेब."

हवालदारांनी आम्हा सगळ्यांकडे एकदा नीट बघून घेतलं. "मग खेळलाच न्हाईत," ते म्हणाले. "नाव न्हाई त्याला माझ्या मैदानात पाय ठेवता यायचा न्हाई. जावा, हरून या."

आम्ही वळलो, तेवढ्यात त्यांनी मला हाक मारली. अंगणातल्या भिंतीच्या खुंट्यांवर मापाची काठी आडवी लावलेली होती, तिच्याखाली मला उभं केलं. डोक्यावर हात आडवा ठेवून बघितला. काठी आणि माझं डोकं यांत दोन बोटं मावली, ती पण दाबून.

"तुझं हे शेवटचं वरीस, पोरा," हवालदार म्हणाले. "संक्रांतीपर्यंत टिकलास तर. घाई कर."

मेस्त्रींचा मुलगा धोरणी. त्यानं खिशातली सुतळी काढून काठीची उंची मापून घेतली आणि गाठ मारली. मग ती सुतळी रोज माझ्या मागे लागली. माळावर बाभळीच्या खोडाला तो ती धरायचा, मी पाठ टेकवून उभा राहायचो, आणि बाकीची पोरं वैद्याच्या भोवती रोग्याचे नातलग उभे राहावेत तशी गोळा व्हायची. "हाय अजून," तो म्हणायचा, की सगळ्यांच्या जिवात जीव यायचा. दिवाळीच्या सुमारास तो नुसतं "हं" म्हणायला लागला.

मी काय नाही केलं? डोक्यावर ओझं वाहिलं की माणूस खुजा राहतो असं कुणीतरी सांगितलं, तर मी विहिरीवरून आईच्या हंड्यानं पाणी आणायला लागलो. जन्मात कधी कामाला हात न लावलेलं पोरगं डोक्यावर हंडा घेऊन येतंय म्हटल्यावर आई आधी खूश झाली, मग घाबरली. बाहेरचं काही लागलं असावं अशी तिला शंका आली आणि तिनं माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. दूध मी सोडलं. भाकरी अर्धी खायला लागलो. पण उपाशी पोटी रात्री पाय जास्तच ठणकायचे, आणि ठणकतात म्हणजे वाढतात, या विचारानं मी आणखी तळमळायचो. हाडाला कसं सांगणार, बाबा रे, संक्रांतीपर्यंत दम धर?

आता हरायला तर पाहिजे होतं, पण हरायचं कुणाशी? नावं काय काय पडतील याचा विचार करूनच पोरांच्या तोंडचं पाणी पळालं. एकाच्या घरी म्हशी होत्या, त्याला वाटे आपलं नाव 'शेण' पडणार. वसाहतीतला एक चष्मेवाला म्हणे, माझ्यामुळे सगळा संघ 'ढापण्या' होईल. शेवटी मी डोकं लढवलं. कासारवाडीच्या कप्तानाला गाठलं, आणि आमचं ठरलं. आम्ही त्यांच्याशी हरणार, ते आमचं नाव 'वाघ' ठेवणार, आणि त्याबद्दल सामन्यांत त्यांच्या गोलवाल्याला आमचे टायरचे पॅड वापरायला मिळणार. सौदा मला फार हुशारीचा वाटला. पिंपरीचे वाघ! मी घरी येताना ते नाव पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं.

दिवाळी झाल्यावर सामना लागला. मी पोरांना बजावलं होतं, गोल मारायचा नाही, मध्ये मध्ये पडायचं. पोरं पडत होती. इतकी पडत होती की कासारवाडीवाल्यांना त्यांच्यावरून उड्या मारत जावं लागत होतं. पण चेंडू गोलापाशी गेला की टायरवर आपटून परत यायचा. एकदा झालं, दोनदा झालं. मी मागे धावत गेलो आणि दबक्या आवाजात म्हणालो, "अरे सोड की एक!"

"सोडतोय," मेस्त्रींचा मुलगा म्हणाला. पुढचा फटका त्यानं पालथं पडून अडवला.

कासारवाडीच्या कप्तानाला घाम फुटला. हरायला बसलेल्यांनाही आपण हरवू शकत नाही, हे त्याच्या तोंडावर दिसायला लागलं आणि तो चिडून जोरानं मारायला लागला, आणि तो जितक्या जोरानं मारे तितका आमचा गोलवाला खुलत जाई. भोंगा झाला. एकही गोल नाही. हार नाही, जीत नाही, नाव नाही. कासारवाडीवाले "पुन्हा न्हाई बाबा" म्हणत निघून गेले.

माझा संताप अनावर झाला. मी त्याला नको नको ते बोललो. तो खाली बसून शांतपणे पॅड सोडत होता.

"गोल सोडायचा कसा असतो ते मला येतच न्हाई राव," तो म्हणाला. "चेंडू आला की पाय जातो. पायाला काय सांगू?"

"मग मी काय करू? वाढत बसू?"

"तुला घाई हाय. मला न्हाई, माझ्याकडं अजून वीतभर हाय." हे बोलून त्याला वाईट वाटलं असावं, कारण जाता जाता तो वळला. "हरायचंच हाय ना? मग पापडांशी खेळ. त्यांच्याशी हरायला कष्ट पडायचे न्हाईत."

पापडांशी आम्ही कधीच खेळलो नव्हतो, कारण त्यांच्याशी वेळ काढूनही भागलं नसतं. त्यांचा कप्तान माझ्या खांद्याला लागेल एवढा, थोरल्या भावाचा गुडघ्यापर्यंत येणारा सदरा घालणारा, पण चेंडू त्याच्या स्टिकला चिकटलेला असायचा. मी कॅम्पात जाऊन त्याला विचारलं तेव्हा तो त्यांच्या दुकानाच्या फळीवर बसून डाळ निवडत होता. त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, "पूरा खेलोगे? या भोंगे तक?"

"पूरा," मी म्हणालो. कान तापले माझे.

संक्रांत जवळ आली होती. सुतळीवर आता बोटभर राहिलं नव्हतं, नखभर राहिलं होतं. त्या दिवशी मी पोरांना काहीच बजावलं नाही. हरा म्हणायची गरजच नव्हती, आणि जिंका म्हणायची सोय नव्हती. पण खेळ सुरू झाला आणि मी सगळं विसरलो. नाव विसरलो, काठी विसरलो, माझे ते लांबच लांब हलते पाय पहिल्यांदा कुठल्यातरी कामाला लागले. त्यांच्या तिघांना चुकवून मी एक गोल मारला. त्यांनी परत फेडला. मग त्या छोट्या कप्तानानं आणखी एक मारला, असा की आमच्या गोलवाल्याचा पाय गेला, पण चेंडू आधीच गेला होता. आणि भोंगा वाजला.

आमची निम्मी पोरं सवयीनं पळत सुटली. वसाहतीतला चष्मेवाला तर कुंपणापर्यंत पोचला.

"मागं फिरा!" मी ओरडलो. "कुणी घरी जायचं न्हाई!"

पोरं थबकली, एकमेकांकडे बघत परत आली. माळावरून शिफ्ट सुटलेली माणसं जात होती, त्यांतली काही थांबली. त्यांत माझा बाप होता. मला तो दिसला, त्याला मी दिसलो, आणि मी खेळत राहिलो. त्यानं हाक मारली नाही. डबा खाली ठेवून उभा राहिला. अंधार पडायच्या आत आम्ही आणखी एक गोल खाल्ला, आणि हरलो. चांगले दोन गोलांनी, अगदी रीतसर हरलो. आणि काय सांगू, मला इतका आनंद कुठल्या जिंकण्याचा झाला नव्हता.

तो कप्तान आमच्या गोलात जाऊन उभा राहिला. सदऱ्यानं तोंड पुसलं. चष्मेवाल्यानं चष्मा काढून खिशात ठेवला होता.

"भोंगा," कप्तान म्हणाला.

मी भडकलोच. "आज तर थांबलो ना आम्ही?"

"आज रुके," तो म्हणाला. "बाकी दिन?"

रिवाजाप्रमाणे मी पुढे झालो, छाती भरून घेतली आणि ओरडलो, "भोंगा!" नेमका त्याच महिन्यात माझा आवाज फुटायला लागला होता. शब्द घशातून निघाला तो असा चिरकला की खऱ्या भोंग्यानं मान खाली घालावी. पापड हसले, आमची पोरं हसली, रस्त्यातली माणसं हसली, माझा बापही हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण नाव मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी दापोडीला जाऊन हवालदारांना सांगितलं. त्यांनी ते एकदा आपल्या तोंडानं म्हणून बघितलं आणि मान हलवली.

राहिली ती सुतळी. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी बाभळीला टेकलो तर मेस्त्रींच्या मुलानं "हं"सुद्धा म्हटलं नाही. मग त्यालाच सुचलं. "केसं," तो म्हणाला. "केसं काढली तर नखभर निघंल."

मी तसाच न्हाव्याकडे गेलो. चकोट कर म्हणालो. न्हावी दचकला. "का रं? घरी कुणी?" मी म्हटलं, खरूज झालीये. त्यानं दोनदा विचारलं, मी दोनदा खरूज सांगितली. गुळगुळीत डोकं घेऊन मी गावातून चालत घराकडे निघालो, मनात एकच विचार, बोटभर नाही पण नखभर तरी सुटलो. लोक बघून बाजूला होत होते, एका म्हातारीनं पदर तोंडाला लावला, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी घरी पोचलो तर मागोमाग शेजारच्या बायका आल्या, आणि ओसरीवर माणसं येऊन मुकाट बसायला लागली. आई चुलीपुढून बाहेर आली, तिनं माझं डोकं बघितलं, आणि मटकन खाली बसली. बाप पहिल्या शिफ्टला गेला होता. कारखान्यात काही झालं आणि पोरालाच आधी कळलं, असं तिनं धरलं.

तिचा तो चेहरा मला अजून दिसतो. मी "खेळासाठी, आये, खेळासाठी" म्हणून ओरडत होतो आणि बायकांच्या रडण्यात ते कुणाला ऐकू जात नव्हतं. अखेर माझा बाप स्वतःच डबा हलवत गल्लीतून आला. ओसरीवरची गर्दी बघून त्याचा चेहरा उतरला. "कोण गेलं?" त्यानं विचारलं. मग त्याला माझं डोकं दिसलं. पुढची हकिगत सांगण्यासारखी नाही. आईनं लाटणं घेतलं होतं, एवढंच सांगतो. बापानं मात्र हात उचलला नाही. सगळे गेल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला, "कधी हाय तुझा खेळ?" म्हणाला, आणि माझ्या टकलावर हात ठेवून राहिला. आपण मेलो असं समजून रडलेली माणसं त्यानं पाहिली होती. त्याला बहुतेक ते आवडलंही होतं.

सामन्यांच्या दिवशी आम्ही पहाटेच पूल ओलांडून गेलो. मैदानात खरं गवत होतं. गोलांना जाळ्या होत्या. मी ते वर्षभर डोळ्यांपुढे आणलं होतं, आणि ते तसंच होतं, त्याहून चांगलं होतं. पापडांचा सामना पहिलाच होता, ते पलटणीतल्या शिपायांच्या पोरांकडून हरून बाहेर बसले होते. मग हवालदारांनी पुकारलं, "भोंगा!"

आम्ही रांगेनं काठीखालून निघालो. एक गेला, दुसरा गेला, मेस्त्रींचा मुलगा बदकासारखा गेला. मी पुढे झालो. हवालदार बाजूला उभे राहून मान बघत होते. मी ताठ चाललो. वाकता आलं असतं तर वाकलो असतो, पण ते बघत होते. डोक्याला बांबूचा गार स्पर्श झाला. हलका, कुणी टपली मारावी तेवढाच. आणि काठी मागे गवतावर पडली. गवत असल्यामुळे तिचा आवाजसुद्धा झाला नाही.

"पोरा," हवालदार म्हणाले. दोरी उचलून धरली, मी बाहेर जावं म्हणून.

आमच्यात बारावा नव्हताच. दहा पोरं गवतावर उभी राहून माझ्याकडे बघत होती. तेवढ्यात पापडांचा तो छोटा कप्तान उठला. सदरा चड्डीत खोचत हवालदारांकडे गेला आणि म्हणाला, "मैं खेलूँ इनकी तरफ से?"

हवालदारांनी विचार केला. "तुमचं आटोपलंय. खेळ. पण नाव घ्यावं लागंल."

"भोंगा!" तो लगेच ओरडला, त्याच्या त्या बारीक, न फुटलेल्या, स्वच्छ आवाजात. मैदानभर ऐकू गेलं. मग माझ्याकडे आला. त्याची स्टिक सकाळीच दुभंगली होती. त्यानं मागितलं काही नाही, नुसता हात पुढे केला.

त्याचे दात पाडावेत असं मला वाटलं. ज्यानं ते नाव आमच्या अंगावर फेकलं तोच ते घालून मिरवणार, माझ्या जागी, माझ्या स्टिकनं, माझ्या गवतावर! मी स्टिक त्याच्या पायाशी टाकली आणि चालायला लागलो. मागून मेस्त्रींच्या मुलानं मला हाक मारली, मी वळलो नाही. डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि टकलावर ऊन लागत होतं. भराभर चालत सुटलो, मैदान संपलं, झाडं संपली, पूल आला. मी ठरवलं होतं, सरळ घरी जायचं, उद्यापासून बापाबरोबर कारखान्याच्या दारात उभं राहायचं, आणि पुन्हा या वाटेला यायचं नाही.

पुलाच्या मधोमध आलो तेव्हा मागून गलका ऐकू आला. आधी नुसताच आरडाओरडा. मग त्यातून शब्द वर आला. भोंगा. भोंगा! शेकडो माणसं ओरडत होती, शिपाई, पोरं, पापड, सगळेच. गोल आम्ही मारला होता की खाल्ला होता, कळायला मार्ग नव्हता. पण आम्हाला कुणीतरी हाक मारत होतं. इतकी वर्षं आम्ही खेळलो होतो आणि आम्हाला हाक मारावी असं कुणाच्या तोंडी काही नव्हतंच. मी थांबलो. समोरून दुधाच्या कॅना लावलेला सायकलवाला येत होता.

"ओ!" मी त्या हाकेला म्हणालो. मोठ्यानंच म्हणालो, चिरक्या आवाजात. सायकलवाल्यानं चमकून माझ्याकडे बघितलं. आणि मी वळून मैदानाकडे धावत सुटलो.